ऐनवेळचा विषय

नोटिशीवर पाच विषय होते. मागील ग्रामसभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्चाला मंजुरी. विकासकामांचा आढावा. सरकारी खात्यांची परिपत्रकं. आणि शेवटी तो कायमचा पाहुणा: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. पंचायतीच्या फलकापुढे उभं राहून मी ती यादी तीनदा वाचली. आमची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, त्यात नव्हती.

अर्ज देऊन अडीच महिने झाले होते. शिक्का मारलेली प्रत माझ्या खिशात होती. तरी नाही. मी कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, सव्वीस वर्षं कंडक्टरकी केली. यादीत नसलेल्या थांब्यावर गाडी थांबत नाही, हे रोज दहा जणांना सुनावलं. आता ते स्वतःला सुनावायची पाळी आली.

गाव डिचोली तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे, आणि या गोष्टीत तसा कुणी खलनायकही नाही.

डोंगरावरून उतरणारा वहाळ आमच्या वाड्याच्या तोंडाशी रस्ता ओलांडतो. पूर्वी तिथं दगडी साकव, म्हणजे लहानसा पूल, होता. रस्ता रुंद केला तेव्हा साकव गेला आणि सिमेंटचे दोन पाइप आले. डोंगराला हात लागलेला नव्हता तोवर ते पाइप पुरले. मग वर माती उकरली गेली, ती पावसाबरोबर खाली आली आणि पाइपात बसली. २०२४ चा जुलै गोव्यात कुणी विसरलेलं नसेल. त्या पावसात वहाळ पाइपात न शिरता सरळ रस्त्यावरून गेला, माझ्या सुपारीच्या कुळागरात घुसला आणि खालच्या दोन घरांच्या उंबऱ्याला लागला. सकाळी पाववाला पोदेर सायकल घेऊन पलीकडेच उभा राहून भोंगा वाजवत होता. पाव हवा तर पाण्यातून चालत जा.

वॉर्डाच्या पंचाला त्याच दिवशी गाठलं. तो आला, पँट दुमडून पाण्यात उभा राहिला, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "काका, बैठकीत घेतो." मला वाटलं, झालं काम. गणपतीची चवथ आली नि गेली, बैठकाही झाल्या असणार. मी विचारलं तर म्हणाला, "तुम्ही लेखी द्या ना. तोंडी काय घ्यायचं?" ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण लेखी मी जुलैअखेरच दिलं होतं, हे त्यालाच माहीत नव्हतं. पंचायतीच्या कचेरीत आलेला कागद पंचांपर्यंत आपोआप पोचतो, ही माझी समजूत तिथंच संपली.

मग मी सचिवाकडे जाऊन बसलो. तरुण मुलगा, दोन पंचायतींचा कारभार त्याच्याकडे, आठवड्यातले ठरावीक दिवसच आमच्याकडे. त्याने वैतागून का होईना, पण मला ती फाइल दाखवली. पंचायतीची बैठक पंधरवड्याला होते. आमच्याकडे सात पंच. बैठकीची विषयपत्रिका सचिव तयार करतो, सरपंच त्यावर नजर फिरवतो, नोटीस पंचांना जाते. ऐकायला सोपं. पण त्या कागदावर काय होतं ते वाचलं आणि माझे डोळे उघडले. इतिवृत्त कायम करणे, मग घरबांधणी परवाने, मग घरात राहायला जाण्याचे दाखले, मग धंद्याचे परवाने, वीज-पाण्याच्या जोडणीसाठी ना हरकत दाखले, मग बिलं मंजूर करणे. आणि सगळ्यांत खाली, दोन शब्दांत: आलेला पत्रव्यवहार.

त्या दोन शब्दांखाली माझी मोरी होती. माझी एकट्याची नव्हे. कुत्र्यांबद्दल तक्रार, शेजाऱ्याच्या फणसाची फांदी, तीन सरकारी खात्यांची स्मरणपत्रं, एका क्लबची देणगीची विनंती, कोर्टाची एक नोटीस. सगळी एका दोऱ्यात ओवलेली. "इथवर येईस्तोवर किती वाजतात?" मी विचारलं. तो हसला. परवान्यांवरच दोन तास जातात, कारण परवान्याला मुदत असते, वरच्या कचेरीत अपील असतं, वकील असतो. मोरीला वकील नसतो. पत्रव्यवहाराची पाळी येते तेव्हा दोन पंच उठून गेलेले असतात. माझ्या अर्जापुढे इतिवृत्तात दोनच शब्द होते: "नोंद घेतली."

नोंद घेतली म्हणजे काय? म्हणजे काहीच नाही. कागद वाचला, पुन्हा दोऱ्यात ओवला.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी म्हणूनच मोठ्या उमेदीनं गेलो. आमच्याकडे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांतल्या एखाद्या रविवारी ग्रामसभा होते. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सभासद. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १९ डिसेंबर या दिवसांना धरून विशेष सभा. त्यांतली २ ऑक्टोबरची मी चुकवली होती, आणि पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची सुरुवात त्याच सभेतून होते, हे मला नंतर कळलं. अशा गोष्टी नेहमी नंतरच कळतात.

सभा साडेदहाची. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब. हे इतकं ठरलेलं की लोक घरून निघतात तेच अकराच्या हिशेबानं, आणि म्हणून कोरम होत नाही. मग सुरू. इतिवृत्त वाचलं, कुणी ऐकलं नाही. जमाखर्च वाचला, एका माणसानं पेट्रोलचं बिल विचारलं. बाकी झटपट. आणि ऐनवेळचे विषय म्हणताच सभागृह पेटलं. डोंगरावरची एक मोठी जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या पट्ट्यात, घालायचा अर्ज झालाय, अशी बातमी होती. त्या वर्षी नगरनियोजन कायद्याचं, जमिनीचा झोन बदलू देणारं ३९-अ कलम सगळ्या गोव्याच्या तोंडी होतं, आमचा गाव कसा मागे राहील? तोही विषय नोटिशीवर नव्हता. पण तो दीडशे माणसांच्या आवाजावर आत आला आणि अडीच तास बसला. ठराव झाला, टाळ्या झाल्या. माझाही हात वर होता, ते खोटं कशाला सांगू. माती तिथूनच तर खाली येत होती.

मोठा विषय गर्दीच्या जोरावर आत येतो, लहान विषयाला कागद लागतो. हे मला त्या दुपारी उमगलं. माझी पाळी आली तेव्हा दोन वाजायला आले होते आणि सभागृहातला प्रत्येकजण घरच्या हुमण-शिताचा विचार करत होता. मी उभा राहिलो, मोरीचं सांगितलं, पाणी कुठवर आलं ते हातानं दाखवलं. सरपंच म्हणाले, "घेतला, घेतला. सचिव, लिहून घ्या." मी समाधानानं घरी येऊन जेवलो.

जानेवारीत ते इतिवृत्त वाचलं गेलं. माझ्या विषयाबद्दल त्यात एक ओळ होती: "वाड्यावरील रस्त्याच्या स्थितीविषयी चर्चा झाली." मोरी नाही, पाइप नाही, वहाळ नाही. सचिवानं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. अडीच तासांच्या आरडाओरड्यानंतर त्याच्या वहीत काय उरणार? पण आता कागदोपत्री मी रस्त्याच्या खड्ड्याबद्दल बोललो होतो. आणि तेवढ्यात, मी उठून दुरुस्ती सांगणार तोच, "कायम करावं काय? कायम, कायम" झालं. विषय क्रमांक एक संपला. मी चिडून बाहेर आलो.

बाहेर आबा भेटले. आबा म्हणजे आमच्या गावचे जुने पंच, ऐंशीच्या पुढचे. १९६२ च्या पंचायत नियमाखालीही पंच होते आणि १९९४ च्या पंचायत राज कायद्याखालीही एकदा निवडून आलेत. त्यांनी माझा अर्ज मागून घेतला आणि तिथंच, स्कूटरच्या सीटवर ठेवून वाचला. दोन पानं होती. १९८० पासूनचा साकवाचा इतिहास, कंत्राटदाराची लबाडी, माझ्या सुपारीचं नुकसान, आणि शेवटी "तरी कृपया या बाबीकडे लक्ष द्यावे ही नम्र विनंती".

"हे काय आहे?" आबा म्हणाले. "गाऱ्हाणं आहे. गाऱ्हाणं देवळात घालतात. इथं ठराव लागतो."

मग ते पुढं जे बोलले ते मी घरी येऊन वहीत उतरवलं, म्हणून आठवतंय. एका कागदावर एकच गोष्ट. तिच्यात काय करायचं, कुणी करायचं आणि केव्हापर्यंत, हे तिन्ही हवं. "लक्ष द्यावे" लिहिलंस तर लक्ष देऊन मोकळे होतील, नोंद घेतली असं लिहितील, आणि ते खोटंही नसेल. खाली सूचकाची सही, अनुमोदकाची सही, दोघांचे मतदारयादीतले क्रमांक. कागद द्यायचा तो नोटीस टाइप व्हायच्या आधी. "नोटीस फलकावर लागल्यावर काय नाचतोस? यादी सभेत ठरत नाही रे. ती एखाद्या मंगळवारी सचिवाच्या टेबलावर ठरते. त्या मंगळवारी तू तिथं पाहिजेस." आणि इतिवृत्त वाचताना झोपायचं नाही. "पहिला विषय सगळ्यांत महागाचा. तिथं जे कायम झालं तेच घडलं."

माहितीहक्काचा अर्जही त्यांनीच सुचवला. गोव्यात १९९७ सालीच स्वतःचा माहितीहक्क कायदा आला होता, देशाचा आला २००५ ला. आता देशाचाच चालतो. दहा रुपयांच्या अर्जावर मी मागच्या वर्षभराच्या बैठकांच्या विषयपत्रिका आणि इतिवृत्तं मागवली. वाचायला कंटाळवाणी, पण त्यांतून एक गोष्ट दिसली. जे विषय दुसऱ्या बैठकीत पुन्हा आले, त्यांच्या मागे पहिल्या बैठकीत कुणाला तरी काहीतरी करायला सांगितलेलं होतं. "सचिवांनी पत्र पाठवावे." "पंच अमुक यांनी पाहणी करून अहवाल द्यावा." जिथं असं क्रियापद नव्हतं ते विषय तिथंच बुडाले.

मी नवा कागद केला. आता भाषेचा घोळ. आमच्याकडे माणूस गाऱ्हाणं कोकणीत सांगतो, अर्ज मराठीत लिहितो आणि फाइल इंग्रजीत चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी कामात जागा दिली, त्यामुळे मराठी अर्ज नाकारता येत नाही. नाकारलाही नाही. पण सचिव म्हणाला, "काका, खात्याकडे पाठवायला इंग्रजी प्रत जोडा, नाहीतर मलाच बसून करावी लागेल, आणि मी कधी करणार ते तुम्हाला ठाऊक आहे." प्रामाणिक माणूस. पुतणीकडून इंग्रजी करून घेतलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कागद दिला, आवक क्रमांक घेतला. आणि त्याच महिन्यात सरपंच बदलले. ऑगस्ट २०२२ ला निवडून आलेल्या पंचायतीत अडीच-अडीच वर्षांची आपापसात ठरलेली वाटणी होती, तशी ती खूप गावांत असते. जुन्यांनी राजीनामा दिला, नव्यांच्या निवडीला गटविकास कचेरीतून माणूस आला, पेढे वाटले. मी आठ दिवसांनी गेलो तर नवे सरपंच म्हणाले, "तो आधीच्या काळातला अर्ज ना? पुन्हा द्या." मी म्हटलं, अर्ज सरपंचाला दिलेला नाही, पंचायतीला दिलाय, आवक वहीत नंबर आहे. माझा आवाज जरा चढला होता. तिकीट नसलेल्या प्रवाशाशी बोलायचा तो जुना आवाज. सचिवानं वही उघडून नंबर दाखवला. विषय तिथं मिटला. तो शिक्का नसता तर मी पुन्हा शून्यावर आलो असतो.

एप्रिलच्या सभेची नोटीस निघायच्या आधी मी तीन मंगळवार पंचायतीत जाऊन बसलो. तिसऱ्या मंगळवारी सचिवानं खरं काय ते सांगितलं. विषय यादीत घ्यायला सरपंच बिचकतात ते दुष्टपणानं नव्हे. एकदा विषय छापून आला की त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारलं जातं. मोरी मोठी करायची तर पैसा कुठला? वित्त आयोगाच्या तेव्हाच्या अनुदानातला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेच्या कामांनाच बांधलेला, उरलेल्यावर आधीच सात वॉर्डांचा डोळा. त्यात तो रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, वहाळ जलस्रोत खात्याचा. "पंचायतीनं मोरी मोठी करावी असं तुम्ही लिहिलंय. पंचायतीला ते करताच येत नाही. सरपंच सभेत उभे राहून एवढंच सांगतील आणि विषय बंद होईल. पाहिजे?"

मला राग आला होता, पण तो बरोबर होता. त्यानं पेन घेतलं आणि माझी ओळ खोडून लिहिलं: सदर मोरीची सार्वजनिक बांधकाम व जलस्रोत खात्यांकडून संयुक्त पाहणी करून घेऊन अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवणे, व पंचायतीने पावसाळ्यापूर्वी पाइपांतील गाळ काढून घेणे. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. वर्षभर भांडून हाती फक्त पाहणी? आबांना फोन केला. ते म्हणाले, "पोरगा हुशार आहे. सही कर."

एप्रिलच्या नोटिशीवर तो विषय क्रमांक चार होता. मी फलकाचा फोटो काढला आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, "लग्नाची पत्रिका छापल्यासारखं काय दाखवताय?"

सभेत तो विषय चार मिनिटांत झाला. वाचला, मी सूचक, खालच्या घरातला एक जण अनुमोदक, कुणाचा विरोध? नाही. मंजूर. मी पाच मिनिटांचं भाषण तयार करून गेलो होतो, ते खिशातच राहिलं. मात्र उठून एवढं म्हटलं, ठराव जसा लिहिलाय तसाच इतिवृत्तात उतरवा, सारांश नको. सचिवानं मान डोलावली.

पाहणी मे महिन्यात झाली. दोन खात्यांचे अभियंते वेगवेगळ्या दिवशी आले, संयुक्त म्हणायचं ते आपलं कागदावर. गाळ काढायचं काम पंचायतीनं मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरवलं होतं, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो या हिशेबानं. आणि २०२५ ला पाऊस कसा आला ते सांगायला नको. २० मेपासूनच धो धो, २४ ला केरळात मान्सून आल्याचं जाहीर झालं आणि पाठोपाठ आमच्याकडेही. मजूर एक पाइप साफ करून गेले होते, दुसरा तसाच. त्या पावसाळ्यात पाणी रस्त्यावर आलं, पण उंबऱ्यांपर्यंत गेलं नाही. एका पाइपाएवढा दिलासा.

जुलैच्या सभेत मी पहिल्या विषयालाच उभा राहिलो. ठराव अक्षर न् अक्षर बरोबर उतरला होता, फक्त "पावसाळ्यापूर्वी" हा शब्द गळला होता. घालून घेतला. नोटिशीवर या वेळी दुसरा विषय नवा होता: मागील ग्रामसभेच्या ठरावांवर झालेली कार्यवाही. तो यादीत कसा आला ते मी विचारलं नाही, पण आबा पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बांधकाम खात्याचं पत्र वाचलं गेलं. पाइप काढून पेटीसारखी मोरी बांधण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. "विचाराधीन" वर मागून कुणीतरी हसलं. दुसऱ्या पाइपाचं काय, यावर सरपंचांनी पाऊस ओसरल्यावरची तारीख सांगितली. ती तारीख लिहून घ्या, असं मी म्हटलं आणि सचिवानं लिहून होईस्तोवर उभाच राहिलो.

परवा वरच्या वाड्यावरची एक बाई घरी आली. रस्त्याचा दिवा दोन महिने बंद, मुली शिकवणीहून अंधारात येतात. तिनं अर्ज लिहून आणला होता, ऑक्टोबरच्या सभेसाठी. सुंदर अक्षर, दीड पान. मी चष्मा लावला आणि शेवटची "कृपया लक्ष द्यावे" ही ओळ खोडली.

"खांबाचा नंबर काय?" मी विचारलं.

तिला माहीत नव्हता. ती बघायला गेली तोवर मी खाली अनुमोदक म्हणून सही करून ठेवली.